भाड्याचे घर आणि आडनावाचा रकाना

घरे भाड्याने मिळवून देणाऱ्या, कोल्हापूरच्या राजारामपुरीतील एका एजन्सीची सेवा आम्ही गेल्या उन्हाळ्यात घेतली. एजन्सीचे नाव मी लिहीत नाही, कारण नंतर आणखी दोन एजंटांकडे गेल्यावरही तोच अनुभव आला आणि एकाच दुकानाला दोष देणे मला अन्यायाचे वाटते. घर मला नको होते. बदली होऊन सोलापूरहून आलेल्या माझ्या एका सहकारी बाईंना हवे होते. त्या, त्यांचे यजमान, दोन शाळकरी मुले आणि सासूबाई असे पाच जणांचे मुस्लिम कुटुंब आहे. नवराबायको दोघांचीही नोकरी कायम आहे. कोल्हापुरात त्यांच्या ओळखीचे कोणी नव्हते, म्हणून मी सोबत गेले.

आधी चांगले ते सांगते. घरांचे फोटो खरे असतात, पाणी किती वाजता येते आणि किती वेळ टिकते हे न विचारता सांगितले जाते, आणि अकरा महिन्यांच्या कराराची नोंदणी व पोलिसांकडे भाडेकरूची माहिती देणे ही कटकटीची कामे एजन्सी स्वतः करते. दलाली एक महिन्याच्या भाड्याइतकी आहे आणि तसा फलकच लावलेला आहे. सुरुवातीला पाचशे रुपये नोंदणीचे घेतात. एजंट स्वभावाने सौजन्यशील आहेत, आमच्याशी एकदाही आवाज चढवून बोलले नाहीत.

पण नोंदणीच्या अर्जात नावानंतर लगेच जात व धर्म असा रकाना आहे, आणि भाडे किती परवडेल हा प्रश्न त्याच्या खाली येतो. एजंटांच्या खुर्चीमागे राजर्षी शाहू महाराजांची मोठी तसबीर आहे. ६ मे २०२२ रोजी महाराजांच्या स्मृतिशताब्दीनिमित्त शंभर सेकंद सारे शहर स्तब्ध उभे राहिले, तेव्हा आपणही गाडी थांबवून रस्त्यात उभे होतो, असे त्यांनी आम्हांला अभिमानाने सांगितले. तो अभिमान खरा होता याबद्दल मला शंका नाही, आणि म्हणूनच पुढे जे घडले त्याचा मला अधिक त्रास झाला.

आम्ही एकूण चार घरांसाठी प्रयत्न केला. पहिल्या दोन ठिकाणी फोनवर आडनाव सांगताच घर ‘कालच गेले’ असे कळले. तिसरे घर शिवाजी पेठेत होते. मालक वयस्कर, बोलके आणि मनमोकळे. चहा पाजला, आणि मोहरमचे पंजे व गणपती एकाच मांडवात बसवल्याच्या तालमीच्या आठवणी रंगवून सांगितल्या. पेठेत कधी कुणाचा धर्म पाहिला नाही, असेही ते म्हणाले. त्यांच्या स्वयंपाकघरातून पांढऱ्या रश्शाचा वास जिन्यापर्यंत येत होता, आणि निघताना पुढच्या रविवारी जेवायला या, असे आग्रहाचे आमंत्रणही मिळाले. संध्याकाळी एजंटांचा फोन आला. मालक नाही म्हणतात, नॉनव्हेजचा प्रश्न आहे. माझ्या सहकारी बाईंनी क्षणभर थांबून सांगितले की त्या घरात आम्ही मांसाहार शिजवणार नाही, हवे तर लिहून देते. दुसऱ्या दिवशी उत्तर आले, “तसं नव्हे ताई, शेजारचे नाराज होतील.” म्हणजे खाण्याची अडचण दूर केली तसे कारण बदलले. ज्या शहरात तांबडा-पांढरा रस्सा घरोघरी आहे, तिथे मटणाचे कारण देऊन घर नाकारणे हे खोटे बोलणे आहे, आणि ते खोटे एजन्सीच्या तोंडून, तिच्या सेवेचा भाग म्हणून, पोहोचवले जाते.

चौथे घर ‘तुमच्या लोकांच्या वस्तीत’ पाहू, असे एजंटांनीच सुचवले. तिथल्या मुस्लिम मालकांनी या कुटुंबाला आनंदाने होकार दिला. त्याच इमारतीतील रिकामी खोली पाहायला एक तरुण परिचारिकाही आमच्याबरोबर आली होती. ती एकटी राहणार आणि ती आपल्यातली नव्हे, म्हणून तिला मात्र नकार मिळाला. घराचा दरवाजा मिटून घेताना धर्माचे नाव पुढे करणे ही कोणा एका समाजाची रीत नाही, हे मी त्या दुपारी पाहिले. सहकारी बाईंनीही ते घर घेतले नाही. मुलांना सगळ्यांमध्ये वाढवायचे आहे, इतकेच त्या म्हणाल्या.

कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात. गावाकडून शिकायला आलेल्या मुलांना शहरात राहायला जागा मिळत नव्हती, म्हणून शाहू महाराजांनी १९०१ पासून एकेका समाजासाठी वसतिगृहे उभी केली. दसरा चौकातले मुस्लिम बोर्डिंग हे त्याच कामातले. गंगाराम कांबळे यांनी चहाचे दुकान काढले तेव्हा महाराज स्वतः तिथे थांबून चहा प्यायले. राहायला जागा आणि हातातली कपबशी या रोजच्या गोष्टींतून त्यांनी भेद मोडला, आणि त्यांच्या तसबिरीखाली आज जागा नाकारण्याचा रकाना भरून घेतला जातो.

निवडणूक आली की उमेदवार अंबाबाईची ओटी भरतात, दर्ग्यावर चादर चढवतात आणि दसरा चौकात महाराजांच्या पुतळ्याला हार घालतात. घर नाकारले जाते याबद्दल त्यांच्यापैकी कोणाच्या भाषणात मी एक वाक्य ऐकलेले नाही. ७ जून २०२३ रोजी मोबाइलवरील स्टेटसवरून शहरात दगडफेक झाली, त्यानंतर मालक अधिकच बिचकतात, असे एजंट म्हणाले. कायद्याचाही इथे आधार मिळत नाही. संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदाने दुकाने, उपाहारगृहे आणि हॉटेले सर्वांना खुली केली, पण खाजगी घराच्या भाड्याचा त्यात उल्लेख नाही, आणि २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका पारशी गृहनिर्माण संस्थेचा सदस्यत्व आपल्या समाजापुरते ठेवण्याचा नियम मान्य केला. अशा वेळी एजंटाने निदान एवढे करावे, की ज्या मालकांना विशिष्ट धर्माचे भाडेकरू नकोत त्यांच्या घरांची यादी वेगळी ठेवून ते नोंदणीचे पैसे घेण्यापूर्वी सांगावे, किंवा ती घरे हाताळूच नयेत. दुसरा पर्याय धंद्याला जड जाईल हे मला कळते, तरी मी तोच मागते.

शेवटी घर मिळाले ते एजन्सीकडून नव्हे, तर कळंब्याजवळ आमच्याच कार्यालयातील एका शिपायाच्या मामांकडे. त्यांनी भाडे आणि डिपॉझिट एवढेच विचारले. आम्ही नोंदणीचे पाचशे रुपये परत मागायला गेलो. एजंटांनी तक्रार न करता पैसे दिले आणि पावतीवर कारण लिहिले, ‘ग्राहकास घर पसंत पडले नाही’. माझ्या सहकारी बाईंनी ते वाचले, पेन खाली ठेवले आणि खरे कारण लिहिल्यास सही करीन, असे सांगितले. एजंटांनी ते लिहिले नाही. त्या बिनसहीच्या पावतीची एक प्रत माझ्याकडे आहे.