विश्वस्तांना सहीआधी कागद वाचायला लावणारं कार्यालय

ठिकाण सदाशिव पेठ, पुणे. तिसरा मजला, लिफ्ट नाही. एक वकील मॅडम, त्यांच्या शेजारच्या खोलीत एक सीए आणि दोन मदतनीस. काम फक्त सार्वजनिक न्यासांचं. पाचपैकी चार तारे. पाचवा का राखून ठेवला ते पुढे लिहितो, पण आधी एवढं सांगतो की या कार्यालयामुळे आमचं वाचनालय वाचलं.

माझा छापखाना आहे, पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या एका तालुक्याच्या गावी. गावातल्या वाचनालयाचा मी विश्वस्त आहे. 'ब' वर्गाचं वाचनालय, वर अभ्यासिका, खाली रस्त्याकडे तोंड असलेला एक गाळा. अभ्यासिकेत पोलीस भरतीची आणि एमपीएससीची मुलं पहाटे पाचपासून बसतात. अध्यक्ष गेले तेव्हा गावातल्या जाणत्यांनी माझं नाव सुचवलं आणि सर्वसाधारण सभेत ठराव झाला. विश्वस्तपद मानाचं, बिनपगारी, महिन्यातून एक बैठक, अशी गावात समजूत आहे. मानाचं आणि बिनपगारी हे दोन्ही खरं आहे.

बँकेत सह्या बदलायला गेलो तेव्हा व्यवस्थापकांनी शेड्यूल एकचा उतारा मागितला. धर्मादाय कार्यालयाच्या नोंदवहीत आपल्या संस्थेचे विश्वस्त म्हणून कोणाची नावं आहेत, ते त्या उताऱ्यावर असतं. आमच्या उताऱ्यावर सात नावं होती आणि त्यातली चार माणसं हयात नव्हती. मधल्या काळात निवडणुका झाल्या होत्या, हारतुरे झाले होते, वर्तमानपत्रात फोटो आले होते. चेंज रिपोर्ट मात्र कोणी दाखलच केला नव्हता. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ प्रमाणे विश्वस्त बदलला की ९० दिवसांत तो कळवायचा असतो. कळवला नाही तर कागदोपत्री जुनीच मंडळी संस्था चालवत असतात. बँकेला कागदच बघावा लागतो. सह्या अडल्या, त्यामुळे ठेवींचं नूतनीकरण अडलं, आणि सरकारी अनुदान खात्यात जमा होऊनही ग्रंथपालांचा पगार काढता येईना.

या कार्यालयाचा पत्ता मला शेजारच्या तालुक्यातल्या एका वसतिगृहाच्या सचिवांनी दिला. त्याआधी गावाजवळच्या एका एजंटाकडे आम्ही चौकशी केली होती. तो म्हणाला, "काळजी करू नका, मागच्या तारखांची इतिवृत्तं मी लिहून देतो, जुन्या वहीसारखी वही पण आणतो, तुम्ही फक्त सह्या गोळा करा." आमच्यातल्या दोघांना हा मार्ग सोपा वाटला, कारण एका कालखंडाची इतिवृत्ताची वहीच सापडत नव्हती.

मॅडमना हे सांगितलं तेव्हा त्या रागावल्या नाहीत. समोरचा पंखा कमी केला आणि म्हणाल्या, "जी सभा झाली नाही तिचं इतिवृत्त या कार्यालयात लिहिलं जाणार नाही. जी झाली तिचा पुरावा आपण शोधू." मग आमची घटना मागितली. संस्थेची घटना म्हणजे पिवळ्या पडलेल्या कागदावरची टंकलिखित प्रत. ती त्यांनी आम्हा तिघांसमोर कलमागून कलम मोठ्याने वाचली. सभेची नोटीस किती दिवस आधी, गणसंख्या किती, विश्वस्तांची मुदत किती, मयत विश्वस्ताची जागा कोणी भरायची. दर कलमाला थांबून विचारायच्या, "तुमच्याकडे असं होतं का?" आमच्या ज्येष्ठ विश्वस्तांनी इतकी वर्षं संस्थेत काढली, पण घटना अशी पूर्ण ऐकली ती त्या दिवशी.

पुरावा शोधण्याचं काम त्यांनी आमच्याकडूनच करून घेतलं, आणि या सेवेचं खरं मोल मला त्यात दिसतं. जुन्या सभांच्या नोटिसा आमच्याच छापखान्यात छापल्या होत्या, त्यांच्या कार्यालयीन प्रती निघाल्या. हजेरीपट निघाला. मयत विश्वस्तांचे मृत्यूचे दाखले त्यांच्या घरच्यांनी दिले. एका विश्वस्तांच्या पत्नीने दाखल्याबरोबर त्यांच्या हातची एक डायरी दिली. तिच्यात हरवलेल्या काळातल्या दोन सभांची तारीख आणि उपस्थितांची नावं होती. ज्या निवडणुकीचा पुरावा मिळाला तिचे चेंज रिपोर्ट क्रमाने दाखल झाले, कारण मधली कडी सोडून पुढची जोडता येत नाही. ज्या काळाचं काहीच सापडलं नाही तिथे ते तसंच लिहिलं. हयात विश्वस्तांची प्रतिज्ञापत्रं, नव्यांची संमतीपत्रं आणि विलंब माफीचा सविस्तर अर्ज. विलंबाचं कारणही त्यांनी सुशोभित केलं नाही: पदाधिकाऱ्यांना नियमाची माहिती नव्हती, आणि नंतरच्यांनी आधीच्यांवर विसंबून काम केलं. ढोले पाटील रस्त्यावरच्या धर्मादाय सहआयुक्तांच्या कार्यालयात तारखा पडल्या. प्रत्येक तारखेला मॅडम स्वतः किंवा त्यांची सहकारी हजर असायची. आदल्या संध्याकाळी आम्हाला फोन यायचा, यायची गरज आहे की नाही एवढ्यासाठी. एसटीने येणाऱ्या माणसाला या एका फोनचं फार महत्त्व असतं.

आदेश झाले, उताऱ्यावर नावं चढली, बँकेच्या सह्या बदलल्या. माझ्या मते त्याहून मोठं काम त्यांनी बोलता बोलता केलं.

आमचा गाळा एका मोबाइल दुकानदाराला पाच वर्षांच्या भाडेपट्ट्याने द्यायचं ठरत होतं. भाडं चांगलं होतं, करारनाम्याचा मसुदा तयार होता. मी सहज तो दाखवला. त्यांनी कलम ३६ उघडून माझ्यापुढे ठेवलं. न्यासाची इमारत किंवा बिगरशेती जमीन तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते, आणि स्थावर मालमत्ता विकायची झाली तरी तसंच. आम्ही मुदत तीन वर्षांची केली. दुसरा प्रसंग ठेवींचा. आमच्यातल्या एकाचं म्हणणं, गावच्या पतसंस्थेत व्याज जास्त आहे, तिथे ठेवू. मॅडमनी कलम ३५ दाखवलं. न्यासाचा पैसा शेड्यूल्ड बँक, टपाल बचत बँक, शासनमान्य सहकारी बँक, सरकारी रोखे अशा ठरलेल्या ठिकाणीच ठेवायचा असतो, आणि परवानगीशिवाय पतसंस्थेत ठेवला तर उद्या जबाबदारी विश्वस्तांची. विश्वस्त तोंडाने 'नको' म्हणाला की गावात वाईटपणा येतो. कलम वाचून दाखवता आलं की तो वाद तिथेच मिटतो. पुढच्या बैठकीत ते पान मी स्वतः वाचलं.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट. सीए साहेबांनी आमचं पावतीपुस्तक मागवून घेतलं आणि नवा नमुना बसवून दिला. मी जन्मभर पावतीपुस्तकं छापतोय, तरी इतक्या विचाराने बसवलेली पावती पाहिली नव्हती. देणगीदाराचा पॅन किंवा आधार क्रमांक लिहायला जागा, कारण आयकर खात्याला देणगीदारांची यादी द्यावी लागते. 'सर्वसाधारण' आणि 'कायम निधी' असे दोन चौकोन, आणि कायम निधीवर खूण असेल तर देणगीदाराची सही, कारण त्याने तसं लेखी सांगितल्याशिवाय ती रक्कम कायम निधीत धरता येत नाही. तळाला एक ओळ: २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीवर ८०जीची सवलत मिळत नाही. ८०जी म्हणजे देणगीदाराला आयकरात सूट देणारं, १९६१ च्या आयकर कायद्यातलं कलम. हाच नमुना मी आता इतर संस्थांनाही दाखवतो. त्याला त्यांनी आनंदाने परवानगी दिली.

८०जीचं नूतनीकरणही त्यांनीच केलं. पूर्वी एकदा मिळालेली मान्यता चालत राहायची. १ एप्रिल २०२१ पासून नव्याने नोंदणी आली आणि आमच्या ८०जी मान्यतेला पाच वर्षांची मुदत पडली. ती संपण्याची तारीख मदतनीस ताईंनी फाइलच्या मुखपृष्ठावर लाल शाईने लिहून दिली, शेजारी 'सहा महिने आधी या' असंही.

आता राखून ठेवलेला तारा. सीए साहेबांचं काम अचूक, पण फार शेवटच्या क्षणी होतं. देणगीदारांचं विवरणपत्र, फॉर्म १०बीडी, ३१ मेपर्यंत भरायचं असतं, उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये शुल्क. गेल्या वर्षी आमची यादी एप्रिलमध्ये त्यांच्याकडे पोहोचली होती आणि भरली गेली ३० मेच्या रात्री. तोवर मला झोप नव्हती, कारण ते भरल्याशिवाय देणगीदाराला प्रमाणपत्र मिळत नाही. ज्या निवृत्त शिक्षिकेने अभ्यासिकेच्या टेबलांसाठी पैसे दिले तिला मी काय सांगणार? सप्टेंबरात लेखापरीक्षणाच्या दिवसांत तर ते फोन उचलतच नाहीत. लहान संस्थांची कामं आधी संपवून मग मोठ्यांकडे वळावं, अशी माझी मनापासून विनंती आहे.

दुसरी तक्रार भाषेची. चेंज रिपोर्टचे अर्ज मराठीत, मॅडम बोलतात मराठीत, पण हिशेबपत्रकं आणि लेखापरीक्षकांचा अहवाल इंग्रजीत येतो. आमच्या सात विश्वस्तांपैकी तिघांना इंग्रजी वाचता येत नाही आणि सही सातही जणांना करावी लागते. मी हे बोललो तेव्हा मॅडमनी दोन पानांचा मराठी सारांश करून दिला: जमा कुठून, खर्च कशावर, लेखापरीक्षकांचे शेरे काय. तो वाचून आमच्या एका शेतकरी विश्वस्ताने वीजबिलाचा आकडा का वाढला असं विचारलं, आणि अभ्यासिकेचं मीटर चुकीच्या दराने लागल्याचं उघड झालं. असा सारांश मागितल्यावर मिळतो. न मागता प्रत्येक संस्थेला मिळायला हवा.

जिना हा वयस्कर विश्वस्तांचा प्रश्न आहे. आमचे ८० पार केलेले एक विश्वस्त चढू शकले नाहीत, तर मॅडम खाली येऊन समोरच्या अमृततुल्यमध्ये त्यांच्याजवळ बसल्या आणि प्रतिज्ञापत्र त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी दोन वाक्यं बदलायला सांगितली, ती बदलून नवा कागद आला, मग सही.

फी माफक आहे. पहिल्या भेटीचे घेतात आणि काम दिलं तर पुढच्या बिलात वळते करतात. प्रत्येक पैशाची पावती संस्थेच्या नावाने मिळते. सरकारी शुल्क वेगळं दाखवतात, 'वरखर्च' नावाची ओळ बिलात नाही आणि तोंडीही कोणी मागत नाही.

जाणार असाल तर फोन करून वेळ घ्या आणि एकट्याने जाऊ नका, निदान तीन विश्वस्त तरी जा. घटनेची प्रत, नोंदणी प्रमाणपत्र, शेड्यूल एकचा ताजा उतारा, सगळ्या इतिवृत्ताच्या वह्या आणि सभासद रजिस्टर बरोबर न्या. वही अर्धवट असली तरी न्या, फक्त जायच्या आधी तिच्यात काही भरू नका.