सोसायटीच्या गच्चीवरचं सोलर, दीड वर्षानंतर

नाशिकच्या जेलरोडला आमची चोवीस फ्लॅटची सोसायटी आहे. लिफ्ट, पाण्याची मोटर, जिन्यातले आणि पार्किंगमधले दिवे सगळे कॉमन मीटरवर. महिन्याला नऊशेच्या आसपास युनिट जायचे आणि बिल साडेबारा हजारांच्या घरात. मी सचिव, त्यामुळे मेंटेनन्स वाढवायचा आहे हे सांगायची वेळ दरवेळी माझ्यावरच यायची. आमच्या गच्चीवरून एकलहऱ्याच्या कोळशावर चालणाऱ्या वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात. एका युनिटला साधारण पाऊण किलो कोळसा धरला, तर आमची लिफ्ट आणि मोटर महिन्याला सहा क्विंटलांहून जास्त कोळसा जाळत होती. हा हिशेब मी वार्षिक सभेत मांडला तेव्हा पहिल्यांदा सगळे गप्प बसून ऐकत होते.

२०२४ च्या पावसाळ्यात नाशिकमधल्याच एका एजन्सीकडून ८ किलोवॉटचं सोलर बसवलं. ५४० वॉटची पंधरा पॅनेल. खर्च ४ लाख ६० हजार. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॉटमागे १८,००० रुपये अनुदान आहे, म्हणजे १ लाख ४४ हजार परत आले. अनुदान हवं असेल तर पॅनेल भारतात बनलेलीच लागतात. कोटेशनमध्ये ते स्पष्ट लिहून घ्या, कारण स्वस्तातलं कोटेशन बहुतेक वेळा तिथेच स्वस्त झालेलं असतं. कागदपत्रं एजन्सीने चोख केली, नेट मीटरही (जास्तीची वीज बाहेर देऊन ते युनिट आपल्या बिलातून वजा करणारं) तीन आठवड्यांत लागलं. पॅनेलखालच्या सांगाड्याचं फॅब्रिकेशन मजबूत आहे. एप्रिलमधल्या वादळात शेजारच्या इमारतीवरचे पत्रे उडाले, आमचा एक बोल्टसुद्धा हलला नाही.

खरी अडचण डिसेंबरात कळली. मोबाइलवर रोजचे युनिट दिसतात. ऑक्टोबरात बत्तीस-तेहतीस होते ते बावीसवर आले. थंडीचे दिवस आहेत, होतं असं, हे एजन्सीचं फोनवरचं उत्तर. मला पटेना. आकाश स्वच्छ होतं आणि पॅनेलला उलट थंडी मानवते. मग एका दुपारी अडीच वाजता वॉचमनला घेऊन वर गेले आणि खडूने सावल्या आखल्या. गच्चीच्या नैऋत्येला लिफ्टची मशीनरूम आणि तिच्यावर पाण्याची टाकी. साडेतीनपर्यंत टाकीची सावली शेवटच्या चार पॅनेलवर आडवी पडलेली. पॅनेल एकमेकांना एका ओळीत जोडलेली असतात, त्यामुळे चारांवर सावली आली की त्या ओळीतल्या बाकीच्यांचाही जोर कमी होतो.

एजन्सीचा माणूस पाहणीला आला होता तो मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात. नाशिकला त्याच दिवसांत भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो, सावली पायाखाली. तेव्हा गच्ची मोकळीच दिसणार. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कलतो आणि तीच सावली कितीतरी लांब पसरते. ज्यांचा हा रोजचा धंदा आहे त्यांनी हे गृहीत धरायलाच हवं होतं, आणि याचा मला आजही राग आहे. पॅनेल हलवायला आधी नऊ हजार मागितले. मी खडूच्या रेघांचे वेळेसकट फोटो पाठवले, दोनदा ऑफिसात जाऊन बसले, तेव्हा फेब्रुवारीत चार पॅनेल पूर्वेच्या कठड्याकडे फुकट सरकवून दिली. एकदा मान्य केल्यावर काम मात्र एका दिवसात आणि नीट केलं.

आता उन्हाळ्यात बिल हजाराच्या आत येतं. शून्य येत नाही, हेही सभासदांना आधीच सांगून ठेवा. युनिट शून्य झाले तरी स्थिर आकार भरावाच लागतो. जुलैत रोजचे पंधरा-सोळाच युनिट मिळतात, तेव्हा उन्हाळ्यातले शिल्लक युनिट उपयोगी पडतात. ती शिल्लक मार्चअखेरपर्यंतच पुढे ओढली जाते. घातलेले पैसे तीन वर्षांच्या आत वसूल होतील. पंधरा दिवसांनी पॅनेल धुवावी लागतात, सकाळी ऊन चढायच्या आत. बोअरच्या पाण्याने काचेवर पांढरे डाग राहिले, म्हणून आता नळाचंच पाणी वापरतो. ते खाली पन्हाळीतून पिंपात जमतं आणि ओल्या कचऱ्याच्या खतावर लावलेल्या झाडांना जातं. घंटागाडीत आमचा आता फक्त सुका कचरा जातो.

एजन्सीला मी पाचांपैकी साडेतीन तारे देते. अर्धा पाहणीसाठी कापला, एक त्या दोन महिन्यांच्या टोलवाटोलवीसाठी.

वास्तू बघून टाकी नैऋत्येला घ्यायची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे, आणि सोलरला नेमकी तीच दिशा नडते. टाकी आणि मशीनरूम गच्चीच्या उत्तरेला असती तर थंडीतली सावली इमारतीबाहेर पडली असती. म्हणून आमच्या भागातल्या अकरा सोसायट्यांच्या सचिवांनी मिळून महापालिकेला निवेदन दिलंय. नवीन इमारतीचा नकाशा मंजूर करताना गच्चीवर सोलरची जागा आणि २१ डिसेंबरची सावली आखून मागावी, एवढी एकच मागणी आहे. महापालिकेच्या राजीव गांधी भवनात जाऊन पोच घेऊन आलो. सोबत माझे खडूच्या रेघांचे फोटो जोडलेत. तुमच्या गच्चीवरही अशी सावली पडत असेल तर येत्या डिसेंबरात दुपारी तीनला फोटो काढून ठेवा, पुढच्या निवेदनाला जोडू.