फर्नेसचा दणका आणि दुसऱ्याच फर्नेसचा फोटो

शिकागोच्या उपनगरातील आमच्या घरी ऐन जानेवारीत घर गरम करणारी गॅसवरची फर्नेस सुरू होताना तळघरातून ‘धप्’ असा दणका येऊ लागला, म्हणून आम्ही एका कंपनीचा तंत्रज्ञ बोलावला. त्याने झाकण काढून थोडा वेळ टॉर्च फिरवला, हीट एक्स्चेंजरला (ज्योतीची उष्णता घरातल्या हवेला देणाऱ्या, पण धूर वेगळा ठेवणाऱ्या धातूच्या भागाला) तडा गेल्याचे आणि घरात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू पसरण्याचा धोका असल्याचे सांगितले, आणि मोबाइलवर तडकलेल्या पत्र्याचा फोटो दाखवून गॅस बंद केला. बाहेर पारा शून्याखाली आणि घरात पुण्याहून आलेल्या सासूबाई असताना सही होणारच. हा धंदा चालतो तो त्याच भरवशावर. साडेसात हजार डॉलरच्या नव्या फर्नेससाठी अनामत रक्कमही गेली.

त्याने ईमेलवर पाठवलेला तोच फोटो संध्याकाळी मोठा करून पाहिला, तर त्यात चार बर्नर होते. आमच्या फर्नेसला तीनच आहेत.

दुसऱ्या तंत्रज्ञाने कॅमेरा आत घालून हीट एक्स्चेंजर तपासला आणि कार्बन मोनॉक्साइड मोजला. तडा कुठेही नव्हता. बर्नरवर गंज आणि धूळ साचल्याने गॅस पेटायला उशीर होत होता आणि तेवढ्यात जमलेला गॅस एकदम भडकत होता. तड्याची शंका घ्यायची ती बहुधा ब्लोअर, म्हणजे गरम हवा घरभर ढकलणारा पंखा, सुरू होताच ज्योत हलू लागली तर. आमचा दणका मात्र त्याआधी, पेटतानाच येत होता. अर्थात असा दणका अंगावर काढू नये, कारण वारंवार तसे पेटल्याने हीट एक्स्चेंजर खरोखरच खराब होऊ शकतो. डक्टची, म्हणजे गरम हवा खोल्यांत नेणाऱ्या पत्र्याच्या नळीची, टकटक पत्रा तापून प्रसरण पावल्याची असते, शिट्टीसारखा आवाज बहुधा तुंबलेल्या फिल्टरचा, तर किंचाळल्यासारखा आवाज मोटरच्या बेअरिंगचा असू शकतो. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजला, तर मात्र आधी घराबाहेर पडून ९११ या आपत्कालीन क्रमांकावर फोन करावा.

दुरुस्तीसाठी घरी आलेल्या माणसाने तिथेच नवी वस्तू विकली, तर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित जपणाऱ्या सरकारी संस्थेच्या नियमानुसार असा करार साधारणपणे तिसऱ्या कामकाजाच्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत रद्द करता येतो. तातडीच्या गरजेमुळे हा हक्क सोडत असल्याचे स्वहस्ते लिहून मागितल्यास ते घाईने देऊ नये; आमच्याकडेही ते मागितले होते, पण सुदैवाने त्या गडबडीत राहून गेले. रद्द करण्याची सूचना आम्ही मुदतीत रजिस्टर्ड टपालाने पाठवली आणि त्या चार बर्नरच्या फोटोची प्रत सोबत जोडली. अनामत परत मिळाली. तपासणीची फी मात्र कंपनीने ठेवून घेतली.