एकच मूल की घरभर भावंडं?

रामबागेतल्या आमच्या जुन्या घरात वडील धरून सहा भावंडं वाढली, माझ्याकडे मात्र एकच मुलगी. आत्या पोहे खाता खाता टोमणा मारते, "आमच्या वेळी एका कंदिलाखाली सहाही जण शिकले, तुझ्या एकुलतीला ट्यूशन लावूनही सतराचा पाढा येत नाही!"

आता एक मूल असलं की फी, वेळ, खिडकीजवळचं टेबल सगळं तिचंच, हे खरंय. त्यावरून काहींना वाटतं की जास्त भावंडं म्हणजे डोकं कमी, पण असं सरळ गणित नाही हो. २००७ मध्ये नॉर्वेत सैन्यभरतीच्या मुलांचा आयक्यू बघितला तर पहिला मुलगा दुसऱ्यापेक्षा जेमतेम दोन-तीन गुणांनी पुढे, आणि गंमत म्हणजे ज्यांचं मोठं भावंड लहानपणीच वारलं होतं ते दुसरे मुलगे पहिल्यांच्याच बरोबरीचे निघाले, म्हणजे फरक पोटातला नाही, घरातल्या वागणुकीचा. आमच्याकडेही मोठे काका पाटी घेऊन धाकट्यांना शिकवायचे, त्यात त्यांचंच गणित पक्कं झालं असणार. एकुलतीला शिकवायला कोण? बाहुल्या!

उलट बाजूने, म्हणजे आईच्या शिक्षणाचा मुलांच्या संख्येवर, मात्र जोर स्पष्ट दिसतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात शाळेत न गेलेल्या बायकांना सरासरी २.८ मुलं, बारावी किंवा पुढे शिकलेल्यांना १.८. त्यात अक्कल कमी-जास्तचा प्रश्नच नाही, लग्न उशिरा, नोकरी, दवाखान्याची माहिती, हेच सगळं. पणजी चौथीत शाळेतून काढलेली, पण वाण्याचा हिशोब तोंडी करायची.

मला विचाराल तर दोन बरी. आत्याला हे सांगितलं नाहीये अजून.