कोल्हापुरात राजारामपुरीतलं कॉम्प्युटर रिपेअरचं दुकान, बॅकअप फेल होत असेल तर इथंच जावा

फोटो-व्हिडिओच्या धंद्यात असलेल्या सगळ्यांना मनापासून सांगतोय, बॅकअप अडत असेल तर मशीन इथं दाखवा. आमच्या स्टुडिओत रात्री बॅकअप लावून घरी जायचं आणि सकाळी बघावं तर 'डिस्क फुल', रोजचंच झालेलं. क्लाउडचा प्लॅन 2 टीबीचा, निम्मा पण भरलेला नाही, मग फुल काय झालंय तेच कळंना. आधी दुसरीकडं दाखवलेलं, तिथं मशीन न उघडताच नवीन हार्ड डिस्क घ्या म्हणाले.

इथल्या दादांनी पहिल्यांदा लॉग, म्हणजे बॅकअप कुठं अडला त्याची नोंद, वाचला आणि मग सी ड्राइव्ह दाखवला, पार लाल, भरलेला. क्लाउडचं अ‍ॅप आपल्याला ड्राइव्हसारखं दिसतं पण त्यात टाकलेली फाइल थेट वर जात नाही, आधी सी मधल्या कॅशेत, म्हणजे तात्पुरत्या साठ्याच्या फोल्डरात उतरते आणि तिथनं नेटच्या स्पीडनं हळूहळू अपलोड होते. आमचा सी 240 जीबीचा एसएसडी, आणि मोठ्या लग्नाचा डेटा त्याच्यापेक्षा जास्त, मग वर कितीबी जागा असू दे, अडणारच की! त्यांनी कॅशेचं फोल्डर आणि बॅकअप सॉफ्टवेअरचं टेम्प, म्हणजे तात्पुरत्या फाइल्सचं फोल्डर, दोन्ही मोठ्या डी ड्राइव्हवर हलवलं. हलवायच्या आधी सिंक, म्हणजे क्लाउडवर अपलोड, पूर्ण होऊ दिलं, कारण अपलोड व्हायच्या राहिलेल्या फाइल्स कॅशेतच असतात, जागा करायला म्हणून ते फोल्डर हातानं उडवलं तर त्या गेल्याच. हे कुणी सांगत नाही हो.

पेन ड्राइव्हवर मोठी क्लिप जात नव्हती तेपण बघितलं. तो फॅट32 या जुन्या फॉरमॅटमध्ये होता, त्यात एक फाइल 4 जीबीच्या वर बसतच नाही, आतला डेटा काढून घेऊन मोठ्या फाइल्स चालणाऱ्या एक्सफॅट फॉरमॅटमध्ये करून दिला.

मला सगळ्यात आवडलं ते म्हणजे बॅकअपमधनं एक फाइल रिस्टोअर करून, चालवून दाखवली. 2019 आणि 2021 ला पंचगंगेचं पाणी शहरात शिरलेलं ज्यांनी बघितलंय त्यांना डेटाची एक कॉपी दुकानाबाहेर का पाहिजे ते वेगळं सांगायला नको, लोकांच्या लग्नाचं शूटिंग परत करता येत नाही.

पैसे काम सुरू करायच्या आधीच सांगतात आणि वाजवी आहेत. पार्किंगची मात्र लय बोंब, संध्याकाळी गर्दी पण असते, त्यामुळं सकाळी दुकान उघडल्या उघडल्या जावा आणि क्लाउडचा पासवर्ड आठवणीनं संगट ठेवा.