मिरजेतल्या चर्चच्या स्टॉलवरचा कार्डसंच: आठ ते बारा वर्षांच्या मुलग्यांसाठी

संचात २४ कार्डं. पुढे चित्र, मागे गोष्ट नि तीन प्रश्न. निवड झकास: बायबलमधल्या दावीद राजाशेजारी डॉ. वॉन्लेसही आहेत. १८९४ साली मिरजेत मिशन हॉस्पिटल उभारणारा सर्जन इथल्या पोरांना दाविदाने लोळवलेल्या धिप्पाड गल्याथाच्या गोष्टीपेक्षा जवळचा वाटतो.

खरी खोट दाविदाच्या कार्डात. ओढ्यातले पाच गुळगुळीत गोटे, गोफण, सगळं आहे; पण दाविदाने ज्याची बायको घेतली नि ज्याला लढाईत मारवलं तो उरीया, नि त्यावरून दाविदाला खडसावणारा संदेष्टा नाथान मात्र गायब! बारा वर्षांचं पोरगं पुढे बायबलातला हा भाग, २ शमुवेल अध्याय ११, स्वतःच वाचतं नि विचारतं, "हे आम्हाला का नाही सांगितलं?" म्हणून नाथानाचा बारावा अध्याय कार्डाला जोडूनच वाचा. दाविदासारखं नाथानासमोर "मी पाप केलं" म्हणायला गल्याथापुढे उभं राहण्याइतकीच छाती लागते. येशूचा शिष्य पेत्र याच्या कार्डात, येशूला ओळखत नाही म्हटल्यानंतर कोंबडा आरवल्यावरचं त्याचं रडणं ठेवलंय, ते उत्तम.

आठवड्याला एकच कार्ड काढा. आधी प्रश्न, मग गोष्ट. उलट केलंत तर मुलं मागचीच वाक्यं घोकून म्हणतात. कार्डांना लॅमिनेशन नाही, कोपरे लगेच दुमडतात. झेरॉक्सवाल्याकडून करून घ्या, पण कडेला तीन मिलिमीटर सोडून कापा, नाहीतर प्लॅस्टिकचा पापुद्रा सुटतो.