पाचपैकी साडेतीन तारे: हाताने जोडायचं वायर-अँटेना किट

चौतीस वर्षं नर्सची नोकरी केली, त्यातली निम्मी रात्रपाळीत. निवृत्त झाले तरी रात्री अडीचला डोळे टक्क उघडतात. हॅम रेडिओकडे, म्हणजे परवाना घेऊन हौसेने बिनतारी संवाद साधण्याकडे, वळले ती या जागरणापायीच. ४० मीटरचा बँड, म्हणजे ७ मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा, दिवसा जवळपासचंच ऐकवतो. वातावरणात उंचावर असलेल्या आयनोस्फिअरचा सर्वांत खालचा थर उन्हात या लहरी गिळून टाकतो. सूर्य मावळला की तो थर विरतो आणि हजारो किलोमीटरवरची माणसं कानात बोलू लागतात. माझ्यासाठी अगदी सोयीचं वेळापत्रक!

परवाना हातात येईपर्यंत आठ महिने नुसतं ऐकलं. मोर्स शिकले ते हौसेने. २००३ पासून आंतरराष्ट्रीय नियमांत मोर्सची सक्ती उरलेली नाही, ती ठेवायची की नाही हे ज्या त्या देशावर सोडलंय. पण वॉर्डातल्या मॉनिटरांची टिकटिक ऐकून तयार झालेला कान मला वाया घालवायचा नव्हता. मग १० वॅटचा जुना सेट घेतला. सेटबद्दल सांगण्यासारखं काही नाही, चालतो. खरी गोष्ट अँटेनाची.

किट एंड-फेड हाफ-वेव्हचं आहे. बनवणाऱ्याचं नाव मुद्दाम देत नाही, अशी किटं बऱ्याच ठिकाणी थोड्याफार फरकाने हीच असतात. पाकिटात एक फेराइटची रिंग, तांब्याची तार, १०० पिकोफॅरडचा कपॅसिटर, प्लॅस्टिकची पेटी, केबलचं सॉकेट आणि २० मीटरपेक्षा थोडी जास्त लांब वायर. डायपोलला, म्हणजे दोन सारख्या तारांच्या नेहमीच्या अँटेनाला, मधोमध केबल जोडावी लागते, इथे ती एका टोकाला येते, त्यामुळे टेबल खिडकीशी असलं तरी भागतं. शिवाय त्याच वायरवर ४०, २०, १५ आणि १० मीटर असे चार बँड मिळतात.

रिंगवर एका बाजूला २ वेढे आणि दुसऱ्या बाजूला १४. गुणोत्तर ७, त्याचा वर्ग ४९. अर्ध्या तरंगाएवढ्या वायरच्या टोकाशी अडीच हजार ओहमच्या आसपास रोध असतो आणि केबल असते ५० ओहमची. ४९ ने भागलं की दोन्ही जुळतात. हे पुस्तिकेत छान समजावलंय. जे समजावायला हवं होतं ते मात्र नाही.

जोडून झालं, वायर वर ओढली, सेट अगदी कमी पॉवरवर लावला आणि एसडब्ल्यूआरचा, म्हणजे सेट आणि अँटेना किती जुळलेत हे दाखवणारा, काटा थेट शेवटाला जाऊन बसला. म्हणजे पाठवलेली जवळजवळ सगळी शक्ती परत फिरत होती. दोन दिवस मी वायरलाच दोष दिला. तिसऱ्या दिवशी क्लबमधला एक मुलगा त्याचा नॅनोव्हीएनए, म्हणजे अँटेना तपासायचा छोटा मीटर, घेऊन आला. पेटी उघडली आणि पहिलाच प्रश्न केला, "काकू, टोकं खरवडली होतीत ना?"

नव्हती! ती तार उघड्या तांब्यासारखी दिसते, पण तिच्यावर इनॅमलचा लेप असतो. माझे सोल्डरचे डाग वरून चकाकत होते आणि आत काहीच धरलं नव्हतं. पुस्तिकेत याचा चकार शब्द नाही. नवशिक्यांसाठी म्हणून विकलेल्या किटमध्ये हे अक्षम्य आहे, अर्धा तारा इथेच गेला. मग भिंग लावलं, टाके कापायचं ब्लेड घेतलं आणि तार बोटावर फिरवत चारी बाजूंनी गुलाबी तांबं दिसेपर्यंत खरवडली. हात आता थोडा थरथरतो, म्हणून मनगट टेबलावर टेकवून. दुसऱ्यांदा डाग दिला तेव्हा कथील तारेवर आपोआप पसरलं.

तरीही मीटर सांगत होता की अँटेना ६.९ मेगाहर्ट्झला जुळतेय. वायर लांब पडत होती. मी कात्री उचलली तर तो म्हणाला, "कापू नका, दुमडा." शेवटचे ४५ सेंटिमीटर मागे दुमडून चिकटपट्टी लावली, ७.०५ वर एसडब्ल्यूआर १.४ आला.

त्या रात्री अडीचला मोर्समध्ये सीक्यू, म्हणजे 'कोणी ऐकतंय का' अशी हाक, दिला. वेग मिनिटाला १२ शब्द, म्हणजे एक डॉट सेकंदाचा दहावा भाग. उत्तर कोणी दिलं नाही, पण रिव्हर्स बीकन नेटवर्कवर, जिथे जगभरचे स्वयंचलित रिसीव्हर ऐकलेली कॉलसाईन (प्रत्येक हॅमचं परवान्यावरचं सांकेतिक नाव) नोंदवतात, तिथे माझं नाव चमकलं: ३,४०० किलोमीटरवरून, पार्श्वभूमीच्या खरखरीच्या १२ डेसिबल वर. तेही एका जुन्या पिवळ्या बल्बपेक्षा कमी शक्तीत. चहा न घेताच पुन्हा सीक्यू दिला.

आता तक्रारी. सोबत चोक, म्हणजे केबलच्या बाहेरून येणाऱ्या लहरी अडवणारी गुंडाळी, दिलेला नाही, त्यामुळे रेडिओ लहरी केबलच्या बाहेरून घरात परत येतात. मी डॅश दाबला की बिछान्याजवळचा टच-लॅम्प पेटायचा, पुढच्या डॅशला विझायचा. केबल एका वेगळ्या फेराइट रिंगवर दहा-बारा वेळा गुंडाळल्यावर थांबलं. पेटीच्या तळाला भोक नाही, पहिल्याच पावसात आत पाणी साचलं आणि स्क्रू गंजले. आणि ज्या टोकाला वायर सुरू होते तिथे १० वॅटवरही दीडशेच्या वर व्होल्ट असतात, १०० वॅटवर पाचशेच्या घरात. हा इशारा मोठ्या अक्षरांत हवा होता, तो तळटिपेत आहे. नातवंडं घरी येत असतील तर दोन्ही टोकं त्यांच्या हाताबाहेर ठेवा. विजांचा गडगडाट ऐकला की केबल सेटपासून काढून ठेवणं हेही आलंच.

३० आणि १७ मीटरच्या बँडवर ट्यूनरशिवाय (सेट आणि अँटेना जुळवून देणाऱ्या उपकरणाशिवाय) जमणार नाही, जाहिरात काहीही म्हणो.

माझ्या वयाच्या कोणी विचारलं, तर सेट जुना घ्या, साधा घ्या, आणि हे किट घ्या. साइडटोन, म्हणजे मोर्स पाठवताना आपल्यालाच ऐकू येणारा सूर, ५०० हर्ट्झच्या जवळ आणा, वयाबरोबर वरचे स्वर आधी जातात. पेटी मात्र दुसरी आणा, आणि तळाला भोक पाडायला विसरू नका.